डायरीची मागची पानं

वकिलाच्या डायरीत पुढच्या पानांवर पक्षकारांच्या तारखा असतात आणि मागच्या पानांवर घरचा संसार. यंदा माझी मागची पानं भाचीने अडवलीत. बारावी कॉमर्सला आहे आणि वकील व्हायचं म्हणते. गणपतीत कोरेगावला गेलो तेव्हा ताई म्हणाली, "तूच सांग बाबा काय ते. तू त्यातलाच." त्यातला आहे म्हणूनच सांगणं अवघड जातंय. मॅटर पुकारेपर्यंत बाकावर बसून जे सुचलं ते टिपत गेलो. क्रम लावलेला नाही.

*

दाजींचा पहिला प्रश्न फीचा. अडत दुकानात तीस वर्षं दिवाणजी म्हणून खतावणी लिहिणारा माणूस, त्यांना एक आकडा हवा होता. मी म्हटलं, आकडा एक नाही.

मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं, तिथली वर्षाची फी अजून हजारांतच मोजतात. पुण्याचं आयएलएस १९२४ चं, ज्याच्यावरून अख्ख्या लॉ कॉलेज रोडला नाव पडलं. साताऱ्यात रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, म्हणजे घरून डबा घेऊन एसटीने जाण्याइतकं जवळ. मग २०१४ च्या कायद्याने आलेली राज्यातली राष्ट्रीय विधी विद्यापीठं, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची. तिथे राहण्या-जेवणासकट पाच वर्षांचे पंधरा लाख धरून चालावं. काही खासगी विद्यापीठं त्याच्याही वर जातात.

"आणि सनद?" दाजी म्हणाले.

सनद सगळ्यांना एकच.

*

वरचं वाक्य दाजींना फार आवडलं, म्हणून लगेच दुरुस्ती लिहून ठेवतो. सनद एकच, पण दारं एक नाहीत. साताऱ्याच्या कोर्टात उभं राहिल्यावर कुणी कॉलेज विचारत नाही. साहेब फक्त विचारतात, "तयारी आहे का?" मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्म मात्र आधी कॉलेजच विचारतात. वर्षाला पंधरा-वीस लाखांचं पॅकेज म्हणून ज्याचा गाजावाजा होतो, त्या जागा थोड्या. त्या भरायला फर्मवाले मूठभर राष्ट्रीय विद्यापीठांत, मुंबईच्या शासकीय महाविद्यालयात आणि आणखी एखाद-दोन ठिकाणी जातात. बाकी महाराष्ट्रातली शंभरावर लॉ कॉलेजं त्यांच्या नकाशावर नाहीत.

म्हणजे महागडी फी भरून आपण कायदा विकत घेत नाही, त्या दारापाशी उभं राहण्याची जागा घेतो. त्या दारातून आत जायचंच नसेल, तर जागेचे पैसे कशाला भरायचे?

*

पंधरा लाखांच्या कर्जाचा हिशेब. दाजींच्या पद्धतीने, कागदावर.

दरसाल तीन लाख उचल, पाच वर्षं. व्याज दहा टक्के, सोपं जावं म्हणून सरळ धरलं. पहिल्या वर्षीच्या तीन लाखांवर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्या वर्षीच्यावर चार, असं करत शेवटच्यावर एक. एकूण साडेचार लाख. शिक्षण संपल्यावर हप्ता सुरू व्हायला बँक साधारण एक वर्ष देते. त्या वर्षाचं व्याज आणखी दीड लाख. पंधराचे एकवीस झाले, अजून पोरीने पहिला पगार पाहिलेला नाही.

एकवीस लाख दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे २७,७५०.

दाजींनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. "मुदतीच्या काळात व्याज चालूच असतं?" असतं. सवलत मिळते ती हप्त्याला, व्याजाला नाही. शिकतानाच दरमहा व्याज भरत गेलं तर ओझं वाढत नाही, पण मग ते भरायचं कुणी?

*

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. यादीतल्या संस्थांना प्रवेश मिळाला तर तारण किंवा जामीनदार न मागता कर्ज. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात, तीन टक्के व्याजसवलत. संस्था यादीत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये. आणि यादीत असली तरी मुद्दल जिथल्या तिथे राहतं.

*

बार रूममध्ये आज चहाच्या वेळी विषय काढला. सात जणांनी सात सल्ले दिले. एक गोष्ट लक्षात आली: ज्यांचे वडील वकील होते ते सगळे म्हणाले, "कॉलेज कुठलंही चालतं हो, वकिली कोर्टातच शिकतो माणूस." ज्यांचे वडील शेतकरी किंवा शिपाई होते त्यांच्यातलं कुणी तसं म्हणालं नाही.

वडिलांचं चेंबर, वडिलांची पुस्तकं, वडिलांचे पक्षकार आणि आईच्या हातचं जेवण. एवढी मोठी शिष्यवृत्ती सरकारच्या कुठल्याच योजनेत नाही.

*

बाबासाहेबांचा हिशेब आठवला.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या करारात अट होती, परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी. पुढे १९१६ मध्ये लंडनला ग्रेज इनमध्ये नाव घातलं, पण मुदत संपली आणि १९१७ ला शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज यांची जोड देऊन १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले.

बॅरिस्टर झाले तरी मुंबईला येऊन सनद घ्यायला पैसे हवेत. तेव्हाही भथेनाच पुढे आले. १९२३ च्या जुलैत हायकोर्टात नाव दाखल झालं. पण अस्पृश्य वकिलाकडे कामं येणार कुठून? १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चाललं. पुढे १९३५ ला ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

शिष्यवृत्तीने पदवी मिळवून दिली. सनदेच्या पैशांसाठी मित्र लागला आणि सनदेनंतरची वर्षं शिकवण्यावर काढावी लागली. भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे फी हा पहिलाच टप्पा." मुलीला गोम कळली.

*

टिळकांनीही एलएल.बी. होऊन पुण्यात लॉ क्लास चालवला होता. शिकवणीचा आधार घेणं ही आपल्या धंद्यातली जुनीच रीत.

माझा जुनिअरही संध्याकाळी अकाउंट्सच्या शिकवण्या घेतो. माणदेशातला पोरगा, कष्टाळू. गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे, ड्राफ्टिंग हातून छान उतरायला लागलंय.

*

सनदेचं शुल्क हा एक तरी खर्च कमी झाला. पूर्वी राज्याराज्यांतल्या बार कौन्सिल नावनोंदणीसाठी वेगवेगळी रक्कम घेत. काही राज्यांत ती चाळीस हजारांच्या वर गेली होती. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम २४ मध्ये जेवढं लिहिलंय तेवढंच घ्या. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. स्टॅम्प आणि ऑल इंडिया बार परीक्षेचं शुल्क वेगळं. ती परीक्षा दोन वर्षांच्या आत काढायची असते.

दाजींना हा निकाल मनापासून पटला. "कायद्यात जे आहे तेवढंच घ्या, हे सांगायला सुप्रीम कोर्ट लागलं?" म्हणाले. अडतीतली माणसं आम्हाला बरोबर ओळखतात.

*

सरकारी सवलतींची यादी, ताईला पाठवण्यासाठी.

एक. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग, तिघांनाही. आपण ओबीसी, म्हणजे नॉन-क्रीमी लेअरचा दाखला आणि जात पडताळणी आत्ताच करून ठेवायची.

दोन. ही माफी सीईटी देऊन केंद्रीय प्रवेश फेरीतून येणाऱ्यांनाच. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवरच्या जागेवर गेलं की गेली. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत.

तीन. मुलगा असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे अजून ईबीसी म्हणतात, तिच्यात खुल्या वर्गातल्यांना निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. शेजारच्या मुलासाठी लिहून ठेवलं.

चार. जुनिअरच्या धाकट्या बहिणीसाठी: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्याच्या वर फ्रीशिप. सरकारी वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये.

पाच. हे सगळे अर्ज महाडीबीटी किंवा संबंधित पोर्टलवर ऑनलाइन. आधारला जोडलेलं बँक खातं चालू पाहिजे. तारीख चुकली तर हक्कही चुकला.

*

'माफ' या शब्दाबद्दल.

शिक्षण शुल्क माफ म्हणजे शिक्षण फुकट नव्हे. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, पीएमटी, पुस्तकं, इंटर्नशिपला मुंबईला जाणं-येणं. महिन्याला दहा हजार धरले तर वर्षातल्या दहा महिन्यांचे लाख. पाच वर्षांचे पाच लाख, म्हणजे फी शून्य असताना.

साताऱ्याला एसटीचा सवलतीचा पास आणि ताईचा डबा. दाजींनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि पेन खाली ठेवलं. भाची खिडकीबाहेर बघत होती. तिला पुण्याला जायचंय हे मला माहीत आहे. त्याला आकडा लावता येत नाही, म्हणून ते हिशेबातून वगळूही नये.

*

नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट भाचीला सांगितली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, पदवी परीक्षेत पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्याला विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती होती. बाई म्हणून ती नाकारली. मग विलायतेतल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि १८८९ ला त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, ती देणाऱ्या तिथल्या पहिल्या बाई. पदवी हातात पडली १९२२ साली. हिंदुस्थानात बायकांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा आला १९२३ ला.

भाची गप्प झाली. थोड्या वेळाने विचारलं, "तीस वर्षं त्यांनी काय केलं?" पडदानशीन विधवांच्या इस्टेटींची कामं बघितली, सरकारी सल्लागार म्हणून. वकिलीच केली म्हणायची, वकील न म्हणवता.

*

एका खासगी कॉलेजचं माहितीपत्रक आलंय, गुळगुळीत कागदाचं. पहिल्याच पानावर 'हायेस्ट पॅकेज'. उलटतपासाची सवय वाईट, म्हणून फोन लावला.

"हे पॅकेज किती जणांना?"

"सर, एका विद्यार्थ्याला."

"त्या वर्षी किती पास झाले?"

"सर, ती माहिती अॅडमिशन झाल्यावर मिळेल."

साक्षीदार फुटला. पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

*

त्यापेक्षा बरी जागा: एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती वेबसाइटवर ठेवावी लागते. त्यात किती मुलं शेवटच्या वर्षी पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि लागलेल्यांच्या पगाराची मध्यिका किती, हे असतं. मध्यिका म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याचा पगार. सर्वात वरच्या पोराकडे बघून फी भरू नये, मधल्याकडे बघून भरावी. आपलं पोरगं बहुधा मध्येच कुठेतरी उभं असणार. हे आई-बापांना सांगणं कठीण.

आणि मध्यिका लागलेल्यांचीच असते, न लागलेल्यांची नाही. त्यामुळे आधी पास किती आणि लागले किती हे बघायचं.

*

प्रवेशाआधी बघायच्या चार गोष्टी. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, आणि ज्या वर्षी आपण जातोय त्या वर्षापर्यंत ती चालू आहे का. मान्यता नसलेली किंवा दूरस्थ पद्धतीने घेतलेली एलएल.बी. सनदेला चालत नाही. फी किती घ्यायची हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१५ च्या कायद्याखाली विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची मंजूर फी तिथे पाहता येते. पावतीवर त्याहून एक रुपया जास्त मागितला तर कशाचा ते विचारायचं. पावतीशिवाय मागितला तर उठून यायचं, कारण कॅपिटेशन फी घेणं १९८७ पासून या राज्यात गुन्हा आहे. चौथी गोष्ट, कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन खुर्च्यांवर धूळ आहे का ते बघायचं.

*

क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, की राज्याची सीईटी? दोन्ही द्यावी. क्लॅट डिसेंबरात, नुसत्या अर्जालाच चार हजार. चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. राज्याच्या सीईटीत वजाबाकी नाही. क्लॅटची तयारी म्हणजे इंग्रजी उतारे वाचून तर्क लढवणं. कोरेगावातल्या मुलीला ते शाळेने शिकवलेलं नाही, शहरातल्या मुलीला घराने शिकवलंय.

हा फरक ओळखून २०१० साली शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकाने आयडीआयए सुरू केली. गरीब, ग्रामीण, अपंग मुलांना शोधायचं, क्लॅटची तयारी करून घ्यायची, आणि प्रवेश मिळाला की पाच वर्षं पाठीशी राहायचं. २०१९ मध्ये ते गेले. काम चालू आहे. शिष्यवृत्तीत पैशाइतकंच हे पाठीशी राहणं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

*

पाच वर्षांचा की तीन वर्षांचा? बारावीनंतर थेट पाच वर्षांची बीए एलएल.बी. किंवा बीबीए एलएल.बी., नाहीतर पदवीनंतर तीन वर्षांची. पाच वर्षांत एक वर्ष वाचतं. पण सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय विसाव्या वर्षी बदलावासा वाटला तर तीन वर्षांचा रस्ता मोकळा असतो. गाठीला बी.कॉम.ही असतं. आमच्या बारमधले निम्मे तसेच आलेत.

भाचीने विचारलं, "तुम्हाला कधी बदलावंसं वाटलं?" पुकारा झाला म्हणून उठलो. खरंच झाला होता.

*

आता जे दाजींना अजून सांगितलेलं नाही ते.

मी १९९८ ला साताऱ्यात सीनियरकडे जाऊ लागलो. पहिले आठ महिने काही नाही. दिवाळीला पाचशे रुपये आणि मिठाईचा पुडा. मुदती घ्यायच्या, रोजनामे बघायचे, नकलांचे अर्ज करायचे, सीनियरची बॅग धरायची. यालाच उमेदवारी म्हणतात. तिसऱ्या वर्षी स्वतःचं पहिलं वकीलपत्र मिळालं, बांधाच्या भांडणाचं. तोवर राहायला चुलत्यांचं घर होतं आणि दर सोमवारी गावाहून ज्वारी यायची.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं: जुनिअरला शहरी भागात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावं. परिपत्रक शिफारशीच्या सुरात आहे. बार रूमच्या फलकावर महिनाभर होतं, मग त्याच्यावर क्रिकेट सामन्यांचं वेळापत्रक लागलं.

थोडक्यात, शिक्षण पाच वर्षांचं नाही, आठ वर्षांचं आहे. शेवटच्या तीन वर्षांना फी नाही, शिष्यवृत्ती नाही, कर्जही नाही. आणि त्याच काळात पंधरा लाखांवाल्याला २७,७५० चा हप्ता भरायचा असतो.

*

म्हणून कर्ज काढलेली हुशार पोरं कोर्टात उभी राहत नाहीत. त्यांना नको असतं असं नाही. हप्ता त्यांना पहिल्या महिन्यापासून पगार देणाऱ्या जागेवर नेऊन बसवतो, ती जागा आवडो न आवडो. फी किती जमेल हे विचारण्याआधी मुलीला कसली वकिली करायची आहे हे विचारायला हवं. कुठली करता येणार नाही, हे कर्ज ठरवून टाकतं.

*

"जज्ज व्हायचं असेल तर?" ताईचा प्रश्न. तिच्या मनात पहिल्यापासून हेच आहे.

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, म्हणजे ज्याला पोरं जेएमएफसी म्हणतात. सुरुवातीचं मूळ वेतनच ७७,८४०, वर भत्ते. पूर्वी पदवी झाल्या झाल्या मुलं पुण्यात खोली घेऊन थेट परीक्षेला बसायची. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तात्पुरत्या नावनोंदणीपासून ती वर्षं मोजायची, आणि दहा वर्षं झालेल्या वकिलाचा दाखला जोडायचा, न्यायिक अधिकाऱ्याच्या शिक्क्यासह.

अट योग्य की अयोग्य यावर बारमध्ये दोन तट. माझं मत: कोर्ट आतून न बघता खुर्चीवर बसणाऱ्याकडून दोन्ही बाजूंच्या वकिलांना त्रास होतो. पण ती तीन वर्षं कुणी पोसायची, हा प्रश्न निकालानंतरही राहतो. ज्यांच्या घरी चेंबर आहे त्यांना अट सोपी, माणदेशातल्या पोराला अवघड.

*

मधल्या वाटा, ज्यांच्याबद्दल कुणी माहितीपत्रक छापत नाही:

लोकसेवा आयोगामार्फत सहायक सरकारी अभियोक्ता. बँकांत विधी अधिकारी, आयबीपीएसची परीक्षा. महापालिकांचे विधी विभाग. सैन्यातली जॅग शाखा. गरीब आरोपींच्या बचावासाठी विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून पगारी बचाव वकील नेमायला सुरुवात केली, जिल्ह्याच्या ठिकाणी ही चांगली सोय. मुंबईला तीन वर्षांची आर्टिकलशिप करून सॉलिसिटरची परीक्षा, बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची. ती अवघड, पण ज्याला जमते त्याला कागदपत्रांतला राजा म्हणतात.

आणि जिल्ह्यातलं रोजचं पोटापाण्याचं काम: बँकेच्या पॅनेलवर टायटल सर्च, सातबारा-फेरफार बघून अहवाल, वारस नोंदी, मोटार अपघात, चेकच्या केसेस, सोसायट्यांची वसुली. यात नाव होत नाही, घर चालतं.

लक्षात ठेवायचं: पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद तहकूब ठेवावी लागते. नोकरी आणि वकिली एकाच वेळी दोन्ही खिशांत नाही.

*

शेवटचं पान उरलंय. डिसेंबर. बारच्या नव्या डायऱ्या आल्या, पुढच्या वर्षीच्या तारखा उतरवून घेतोय.

नाताळच्या सुट्टीत भाची दोन दिवस कोर्टात आली. पहिला दिवस माझ्यामागे फिरली. दुसऱ्या दिवशी मी उलटतपासात अडकलो, तर जुनिअरने तिला सगळं दाखवलं: फायलिंग, नक्कल विभाग, बेलिफांची खोली, कँटीन. संध्याकाळी चेंबरमध्ये तिने वहीतून एक तक्ता काढला. उभे रकाने कॉलेजांचे: सातारा, पुणे, मुंबई, नागपूर. आडव्या ओळी फी, राहणं-खाणं, माफी, कर्ज, हप्ता, मध्यिका. दाजींच्या खतावणीसारखाच नेटका. सगळ्यात खाली तिने स्वतः एक ओळ वाढवली होती: 'सनदेनंतर तीन वर्षं, महिन्याला'. पुण्याखाली, मुंबईखाली प्रश्नचिन्ह. साताऱ्याखाली रिकामं.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही जुनिअरला किती देता?"

जुनिअर तिथेच कपाटातल्या फायली लावत होता. तो फायली लावतच राहिला.

"बघून सांगतो," म्हणालो. पक्षकाराला मुदत देतो तशी.

*

चार हजार. दोन वर्षांपूर्वी ठरवले तेवढेच. शिकवण्या तो हौसेने घेत नाही, हे मी दोन वर्षं रोज बघत होतो आणि कष्टाळू म्हणून कौतुक करत होतो.

*

नवी डायरी, १ जानेवारीच्या पानावर सगळ्यात वर: जुनिअर, १०,०००. परिपत्रकात पंधरा आहेत, साताऱ्याला ग्रामीण धरलं तरी. जूनपासून बघू असं लिहिलं होतं, मग 'बघू' खोडून 'पंधरा' लिहिलं.

ताईला फोन करून भाचीला सांगितलं, साताऱ्याचा रकाना भरून टाक, दहा.

ती म्हणाली, "आत्ता चारच लिहिलेत, मामा. त्याच्या हातात पडले की बदलते."